आजोबाच्या डब्याचे आभार

ही गोष्ट मी बारा वर्षं टाळली. आता लिहितो आहे, कारण जिच्यासमोर बसून ती सांगायची होती ती बाई या उन्हाळ्यात वारली. म्हणजे आताही मला धीर आलेला नाही. जाब विचारणारं कोणी उरलं नाही, एवढंच. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा मला भला माणूस समजून पुढं वाचत राहील.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, शेवटची काही वर्षं हेडमास्तर. आता परभणीत मुलाकडं राहतो. तीन-चार वर्षांपूर्वी माझं बीपी वाढलं, झोप उडाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सुनेनं डायरी दिली.

डायरी जाड पुठ्ठ्याची होती, वर सूर्यफूल. आत प्रत्येक पानावर एकच प्रश्न छापलेला: 'आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे?' खाली तीन रेघा, आणि कोपऱ्यात एक हसरा चेहरा. माणसाचं पान रिकामं असलं तरी तो हसतच राहतो.

"बाबा, रोज फक्त तीन गोष्टी लिहायच्या," सून म्हणाली. "मन हलकं होतं. आमच्या ऑफिसातल्या सगळ्याजणी लिहितात."

"सगळ्याजणींचं मन एकदमच जड झालं होतं का?"

"तुम्ही ना बाबा!"

"आणि चौथी गोष्ट सुचली तर?"

"ती दुसऱ्या दिवशी लिहा. अन् हा खवचटपणा जरा कमी करा, बीपी आपोआप उतरंल."

मुलगी चांगली आहे, तिच्यावर माझा राग नाही. राग त्या तीन रेघांवर आहे. रोज तीन उपकार सापडलेच पाहिजेत, असा हा हिशेब कोणी ठरवला? एखाद्या दिवशी एकही सापडत नाही. एखाद्या दिवशी माणसाला आभार मानायचे नसतात, पाय धरायचे असतात. त्याला या डायरीत जागा नाही.

आमच्या बागेत सकाळी निवृत्त लोकांचा कट्टा भरतो. तिथंही हे खूळ शिरलं. गोल बसायचं आणि एकेकानं आपली कृतज्ञता वाचून दाखवायची. एक निवृत्त कारकून आहेत. नोकरीत असताना टेबलावरचा कागद चार खेटे घातल्याशिवाय हलवला नाही असा माणूस. ते एके दिवशी छातीवर हात ठेवून म्हणाले, "आज सकाळी पोट साफ झालं. मी निसर्गाचा ऋणी आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हणालो, "निसर्गाचे कशाला? चूर्णाचे आभार माना."

तेव्हापासून माझी पाळी आली की लोक शेजारच्याकडं बघतात. आपण चारचौघांत वाचतो ते आभार किती सोयीचे असतात! सूर्याचे, हवेचे, आतड्याचे. यांतलं कोणीच उठून म्हणत नाही की बाबा रे, तू माझं काय केलंस ते सांग आधी.

लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला हे पोरकट वाटतं म्हणून तो कुरकुरतो. पोरकट आहेच. पण मी ही वही बाजारात सूर्यफुलाची डायरी यायच्या आधी पाहिलेली आहे. मी ती शाळेतल्या मुलांकडून लिहून घेतली आहे, आणि तिच्या पानांवरून एका निरपराध बाईला चोर ठरवलं आहे.

शाळा सोनपेठच्या बाजूला, गोदावरीकाठच्या एका गावात होती. गावाचं नाव लिहीत नाही. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एका भर चैत्रातल्या दुपारी आम्हा मास्तरांना पत्र्याच्या हॉलमध्ये प्रशिक्षणाला बसवलं. शिकवायला आलेल्या माणसाच्या पायात पांढरे बूट होते आणि गळ्यात अडकवायचा माईक. तो म्हणाला, "डोळे मिटा आणि आपल्या चपलेचे आभार माना. ती तुम्हाला इथवर घेऊन आली." आम्हाला इथवर एस.टी. घेऊन आली होती, तीही उभ्यानं. पण आम्ही डोळे मिटले. निम्मे मास्तर तिथंच घोरायला लागले. त्या हॉलात मनापासून कृतज्ञ होते ते तेवढेच.

निघताना फर्मान मिळालं: जूनपासून प्रत्येक मुलाची कृतज्ञता वही. रोज परिपाठ झाला की तीन वाक्यं. आसपासच्या शाळांचं एक केंद्र असतं, त्याच्या बैठकीत वह्या दाखवायच्या.

वरून कागद आला की त्याचं काय करायचं, हे आम्हाला पाठ होतं. माझ्या एका सहकाऱ्यानं फळ्यावर तीन वाक्यं लिहिली: सूर्याचे आभार, झाडाचे आभार, आईवडिलांचे आभार. मुलांनी उतरवून घेतली. मुलांना दुसऱ्या दिवशी नवीन वाक्यं लागतात हे सहकाऱ्याच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. महिनोन्महिने साऱ्या वर्गानं एकाच दिवशी एकाच झाडाचे आभार मानले. बैठकीत मी सांगितलं, उपक्रम छान चालू आहे, मुलांमध्ये फरक जाणवतोय. असं सांगताना जीभ अडखळत नाही. सवय झालेली असते.

फक्त पाचवीतल्या एका मुलीनं फळ्यावरचं उतरवून घेतलं नाही. तिनं खरंच लिहिलं.

तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते, ते उन्हाळ्यात परतणार. शाळा बुडू नये म्हणून तिला मागं ठेवलं होतं. घरात ती आणि तिचा आंधळा आजोबा, दोघंच. आणि आमच्या शाळेत खिचडी शिजवायला एक विधवा बाई होती. मुलं तिला मावशी म्हणायची, म्हणून आम्ही मास्तरही मावशीच म्हणायचो. शाळेतलं शिजवलेलं अन्न शाळेबाहेर जाऊ द्यायचं नाही, असा नियम होता.

एके दिवशी दुपारी मावशी ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत म्हणाली, "गुरुजी, एक इचारू का?"

"विचारा."

"ती पाचवीतली पोरगी खिचडी खाईना गेलीय. कागदात बांधून दप्तरात घालायलीय. म्या म्हनलं, बाई तू खा की. तर म्हनती, आजा उपाशी हाय."

"मग?"

"पातेल्याच्या बुडाला उरतंच की गुरुजी. एका डब्यात घालून देऊ का आज्याला? तुमी हो म्हनलं तर देते. न्हाई म्हनलं तर न्हाई."

मी हजेरीपत्रक भरत होतो. मान वर केली नाही. म्हणालो, "द्या की. उरलेलं कुत्र्यालाच जातंय. फक्त बोभाटा करू नका."

हे माझे शब्द. यांतला एकही मी विसरलेलो नाही.

फेब्रुवारीत केंद्रशाळेत वह्यांचं प्रदर्शन ठरलं. प्रत्येक शाळेनं एक उत्कृष्ट वही आणायची. मी वह्यांचा गठ्ठा समोर घेतला आणि पाच मिनिटांत निवड केली. त्या मुलीची वही रोज भरलेली होती. समास सरळ, तारीख जागच्या जागी, अक्षर असं की हात फिरवावासा वाटावा. तीस वर्षं मी वह्या अशाच तपासल्या होत्या. समास, तारीख, अक्षर. आमच्या पिढीच्या मास्तरांची अशी समजूत होती की अक्षर सुंदर असलं म्हणजे आतलं वाचायची गरज नाही. मी शेवटच्या पानावर लाल पेनानं 'उत्कृष्ट' लिहिलं आणि खाली सही ठोकली. एक ओळही वाचली नाही.

प्रदर्शनात तालुक्याहून आलेले साहेब टेबलापुढून चालले होते. सूर्य, झाड, आईवडील बघून तेही कंटाळले असावेत. आमची वही त्यांनी हातात घेतली. "वा, काय अक्षर आहे!" म्हणाले, आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"'आज मावशीने आजोबाच्या डब्यात दोन पळ्या खिचडी घातली. मावशीचे आभार. आजोबा पोटभर जेवले. आजोबाचे आभार. डबा गळला नाही. डब्याचे आभार.'"

हॉलमध्ये कोणीतरी "वा वा" म्हणालं. साहेबांनी पान उलटलं. तिथंही डबा. आणखी दहा पानं उलटली. तिथंही डबा.

"हेडमास्तर," साहेब म्हणाले, "हे आजोबा कोणत्या इयत्तेत आहेत?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज जेवढी किळस येते तेवढी दुसऱ्या कशाचीच येत नाही.

"ही सही तुमचीच ना?"

"हो साहेब."

"वाचून केली?"

माझ्याकडं दोनच उत्तरं होती. वाचून केली म्हणालो असतो तर मला डबा माहीत होता असं झालं असतं. मी म्हणालो, "न वाचता केली साहेब." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सोयीचं खरं बोलणं ते. आळशी मास्तर ठरलो, पण सुटलो.

"म्हणजे या डब्याचं तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?"

"नाही साहेब."

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. ते फार रागावले होते असंही नाही. चार ओळींत 'मी परवानगी दिली होती, पुन्हा होणार नाही' असं लिहिलं असतं तर बहुधा एक ताकीद मिळाली असती. पण निवृत्तीच्या तोंडावर माझ्या सेवापुस्तकाला डाग नको होता. पुढं निवृत्तीच्या समारंभात एक पाहुणे त्या डाग नसलेल्या सेवेबद्दल अर्धा तास बोलले, आणि मी शाल पांघरून ऐकत बसलो.

मी लिहिलं: 'सदर प्रकार माझ्या अपरोक्ष घडला असून संबंधित स्वयंपाकी महिलेस कामावरून कमी करण्यात येत आहे.' दुसरा कागद मावशीचा जबाब म्हणून मीच तयार केला. तिनं न विचारता डबे दिले, असं त्यात होतं. तिला ऑफिसात बोलावून तो वाचून दाखवला.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पन गुरुजी, तुमाला इचारलं होतं की म्या."

मी कागदावरची घडी बोटानं सरळ करत बसलो. आणि त्याच क्षणी मला ते सुचलं. आधी ठरवलेलं नव्हतं.

"मावशी," मी म्हणालो, "हे सरकारी धान्य आहे. प्रकरण वाढलं तर पोलिसात जाईल. तुम्ही इथं सही करा, मी वरच्या वर मिटवतो."

पोलिसांचं नाव कोणीही काढलेलं नव्हतं. ना साहेबांनी, ना कोणी.

तिचा चेहरा उतरला. "पोलिस? गुरुजी, माझ्या पोरीची सोयरीक चालू हाय."

"म्हणूनच म्हणतो."

ती चौथीपर्यंत शिकलेली होती. खुर्चीत बसली नाही, वाकून, एकेक अक्षर जुळवत तिनं नाव लिहिलं. पेन टेबलावर ठेवला. आणि हात जोडून म्हणाली, "लय उपकार झाले गुरुजी."

आठवडाभरात गावात बोभाटा झाला की खिचडीवाली तांदूळ चोरायची. एकदा मी पिठाच्या गिरणीवर उभा होतो. मावशी ज्वारीचं दळण घेऊन आली. रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "ए बाई, तुजं पीठ आमच्यात मिसळू दिऊ नकू. आमचं घरचं हाय." बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. मावशीनं माझ्याकडं बघितलंही नाही. मी माझा डबा उचलला आणि घरी आलो. तिथं एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं.

मावशीला काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती मुलगी वही घेऊन ऑफिसात आली होती. म्हणाली, "गुरुजी, मावशीची पानं फाडून टाकू का? मग मावशी परत येईल का?"

तिला वाटत होतं, हे सगळं तिच्या लिहिण्यामुळं झालं. मी तिला तसंच वाटू दिलं. म्हणालो, "वही फाडायची नसते, बाळ."

त्या दिवसापासून तिनंही सूर्याचे, झाडाचे आणि आईवडिलांचे आभार लिहायला सुरुवात केली. अक्षर तेच, तितकंच सुंदर. पुढच्या हंगामात आईबाप तिला सोबतच घेऊन गेले. तिची शाळा सुटली. त्या आंधळ्या आजोबाला मात्र ते लोक परत येईपर्यंत रोज डबा जात राहिला. काम गेलेल्या मावशीच्या चुलीवरचा. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही मी काही केलं नाही.

आता त्या सूर्यफुलाच्या डायरीकडं येतो. सुनेचं मन मोडू नये म्हणून मी लिहायला बसायचो. एक, चहा गरम होता. दोन, पेपर वेळेवर आला. तिसऱ्या रेघेवर हात थांबायचा.

"बाबा, तिसरं?" सून डोकावून विचारायची.

"विचार करतोय."

"इतका काय विचार करता? कोणी तुमच्यासाठी काही केलं असंल ना."

हेच तर होतं. माझ्यासाठी कोणी काय केलं, हे मला चांगलं ठाऊक होतं. एका बाईनं माझ्यासाठी चोर म्हणून सही केली होती. ते या डायरीत कसं लिहायचं? 'मावशीचे आभार'?

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं की मावशी आता लेकीकडं चुडाव्याला असते. मी त्याच आठवड्यात सकाळची पॅसेंजर पकडली. सुनेला म्हणालो, मित्राकडं जातो. बोलायचे मुद्दे विसरू नयेत म्हणून डायरी पिशवीत घेतली. पूर्णा स्टेशन गेल्यावर ते मुद्दे दोनदा वाचले.

मावशी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. पार वाळून गेली होती. मला बघून सूप बाजूला सारून उठायला लागली.

"अगं बया! गुरुजी! इकडं कुठं वाट चुकला?"

"सहज आलो, मावशी. बसा तुम्ही."

"बसा कशाच्या! ए पोरी, भाईर ये, बघ कोन आलंय."

लेक बाहेर आली, मागून दोन नाती. मावशी नातींना म्हणाली, "पाया पडा. हेच ते गुरुजी. ह्यांनी मला जेलातून वाचिवलं."

दोघींनी माझ्या पायाला हात लावला. मला पाय मागं घेता आले नाहीत. लेक चहा ठेवायला आत वळता वळता म्हणाली, "आई रोज दिवा लावताना तुमचं नाव घेती गुरुजी. म्हनती, त्यांनी झाकलं म्हणून तुजं लगीन झालं."

प्रशिक्षणातल्या पांढऱ्या बुटांच्या माणसाला हे ऐकवायला हवं होतं. ही बाई वही न लिहिता, तीन रेघा न आखता दहा वर्षं रोज आभार मानत होती. माझ्या थापेचे. तिचं मन त्यानं हलकं झालं असेल तर असो. माझं काय झालं ते मी सांगतो. तिच्या घरचा चहा आला आणि मी तो सगळा प्यायलो.

मी सुरुवात केली. "मावशी, ते पोलिसांचं जे..."

"नगा काढू गुरुजी ते," ती म्हणाली. "झालं ते झालं. म्याच येडी. तुमाला न इचारता डबा दिला."

ती खरंच विसरली होती आणि मी लिहिलेला कागद तिला खरा वाटायला लागला होता, की लेकीनातींसमोर ती मला झाकत होती, हे मला आजही कळलेलं नाही. दोन्हींपैकी कोणतंही असो, मला तोंड उघडायला तेवढीच वेळ होती. मी विचारलं, "तब्येत कशी आहे?"

निघताना तिनं चार धपाटे कागदात बांधून पिशवीत घातले. "वाटंत खावा. तुमी लय वाळलाव."

स्टेशनावर गाडीला अवकाश होता. मी बाकावर बसलो, डायरी काढली आणि एका दमात पान भरलं. ठरवलं की आत्ता परत जायचं आणि बोलता नाही आलं तर हे पान तिच्या हातात द्यायचं. चौथी शिकलेली आहे, अक्षर लावून वाचेल. उठलोही. फाटकापर्यंत गेलो. तेवढ्यात गाडीची घंटा झाली आणि मी परत फिरून डब्यात चढलो. पुढच्या गाडीनं जाता आलं असतं. मी मुद्दाम या गाडीत चढलो.

घरी सुनेनं टेबलावरची डायरी बघितली. "अगं बाई, आज पूर्ण पान! बघा, मी म्हटलं नव्हतं?" तिनं वाचलं नाही. दुसऱ्याचं वाचू नये एवढी तिला रीत आहे. कौतुकानं म्हणाली, "अक्षर काय सुंदर आहे बाबा तुमचं."

पुन्हा जाईन म्हणत दोन वर्षं काढली. या उन्हाळ्यात त्याच सहकाऱ्याचा फोन आला.

ते पान माझ्याकडं आहे. वरचा छापील प्रश्न मी खोडलेला नाही. खाली लिहिलं आहे ते असं:

मावशी, तुम्ही मला विचारून डबा दिला होता. मी 'द्या की' म्हणालो होतो. कागदावर मी खोटं लिहिलं. पोलिसांचं कोणीच बोललं नव्हतं. तुमची सही पाहिजे होती म्हणून ते मी मनानं सांगितलं. गिरणीवर त्या बाया तुम्हाला बोलल्या तेव्हा मी तिथंच होतो. तुम्ही चोर नव्हता. दिव्यापुढं माझं नाव घेत जाऊ नका. मावशी, मला माफ करा.